दाराबाहेरची कावड

"पगडी सरळ बसली का गं, माणिक?"

खोलीत आरसा नव्हता. कॉफीच्या बियांची पोती छताला टेकलेली, कोपऱ्यात कागदी पेल्यांची खोकी, आणि मधल्या जागेत एका स्टुलावर बसलेले माझे वडील, अण्णा. मिरजेत त्यांना सगळे निमकरबुवा म्हणायचे. मी पगडी किंचित डावीकडे वळवली आणि उपरण्याची घडी त्यांच्या उजव्या खांद्यावर ठेवली. ती घडी जाड लागायची. पुढे आख्यानात कावड तिथेच यायची होती.

"बसली," मी म्हटलं.

"आणि देव कुठे मांडलाय?"

देव अजून माझ्या पिशवीत होता. फडक्यात गुंडाळलेला पितळेचा छोटा राम, निरांजन, तुपात भिजवलेली फुलवात, कापूर, बुक्क्याची डबी. बाहेर काचेचं आणि गुळगुळीत लाकडाचं एवढं मोठं दुकान, पण देव ठेवावा अशी जागा मला अजून सापडली नव्हती.

"मांडते. तुम्ही आधी घोटभर पाणी घ्या."

"आता आरतीनंतरच."

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. बुवा एकदा कीर्तनाला उभा राहिला की आरती होईपर्यंत बसत नाही, आणि ऐकणाऱ्यानेही मधे उठायचं नाही. अण्णांच्या लेखी हा नियम नव्हता, श्वास होता.

एका पोत्यावर बैठक मारून गफूरभाई तबला लावत होते. सतारमेकर गल्लीतले. राममंदिरात अण्णांच्या मागे त्यांनी जन्मभर ठेका धरला होता. हातोडीचा ठोका मारून ते म्हणाले, "बुवा, वास बघा किती सुटलाय. आज शाईलासुद्धा झोप यायची नाही."

"तुमचा डुलका तरी चुकेल."

"मी डुलतो ते भक्तीनं."

"आणि घोरता कशानं?"

गफूरभाई हसले, अण्णा हसले. अण्णांना असं हसताना पाहून मला फार दिवस झाले होते. राममंदिरातलं कीर्तन बंद पडलं तेव्हापासून घरात चिपळ्या खुंटीलाच होत्या. हृदयाच्या डॉक्टरांनी फार वेळ उभं राहायला मनाई केली होती. तरी पुण्याचं बोलावणं आलं आणि अण्णा अंथरुणातून उठून बसले. मला म्हणाले, एकदा, फक्त एकदा, माणसांसमोर आख्यानातल्या सिदोबाची कावड उतरवतो. मग चिपळ्या देवापुढे ठेवून देईन. मी डॉक्टरांना काही कळवलं नाही. गफूरभाईंना मात्र कळवलं, आणि ते गुडघ्यांना तेल चोळून तयार झाले.

इतक्यात दुकानाचा मालक प्रल्हाद आत आला. अंगात कोट, पायात चकचकीत बूट, पण आल्या आल्या तो पोत्यांमधून वाट काढत अण्णांच्या पायांवर वाकला. "काका, सगळे आलेत. जागा नाही उरली."

"तुझे वडील?"

"बाबा पहिल्या रांगेत. सकाळपासून हार मांडीवर घेऊन बसलेत, कुणाच्या हातात देत नाहीत."

अण्णांचे डोळे भरून आले. मी निरांजनाचं विचारलं. प्रल्हादने हळूच सांगितलं की छताला धुराची घंटा आहे, ज्योत लावली तर दुकानभर पाणी उडेल. बॅटरीचा दिवा आणलाय, अगदी खऱ्यासारखा हलतो.

"आरतीपुरतं तरी," मी म्हटलं.

"आरतीचं बघू, ताई," तो म्हणाला. लग्नघरात म्हणतात तसं.

*

तेरदाळांच्या कॉफीचा जन्म माझ्या डोळ्यांदेखत झाला, असं म्हटलं तरी चालेल. प्रल्हादचे वडील वेंकूकाका तेरदाळ हे मूळचे कर्नाटकाकडचे. मिरजेच्या राममंदिरामागे राहायचे आणि परसात लोखंडी पिंपात बिया भाजायचे. रामनवमीच्या उत्सवात कीर्तन संपलं, आरती झाली, की मंदिराच्या ओवरीत त्यांची कॉफी मिळायची. दूध घट्ट, वर जायफळ किसलेलं. पितळी वाटीतून प्यायची. आधी देवाला, मग बुवांना, मग सगळ्यांना. अण्णा एकदा कीर्तनातच म्हणाले होते की जायफळ झोप आणतं, कॉफी झोप उडवते, दोघं भांडत बसतात आणि माणूस मधल्या मधे नामस्मरण करून घेतो. मंदिर हसलं होतं. तेच वाक्य पुढे पुडीवर छापून आलं.

लोक वाटी चाटूनपुसून रिकामी करायचे आणि विचारायचे, वेंकूराव, घरी करायला थोडी पूड मिळेल का? आधी वर्तमानपत्राच्या पुडीत द्यायचे. मग मंदिराबाहेर दुकान झालं. नाव काय ठेवू, म्हणून ते अण्णांकडे आले, तर अण्णांनी हातातल्या चिपळ्या वर केल्या. 'चिपळी कॉफी' असं नाव पडलं. पाटीवर चिपळ्यांची जोडी रंगवली ती अण्णांचीच. बघणाऱ्याला त्या कॉफीच्या बियाही वाटायच्या. लोक बाहेरगावी जाताना नेऊ लागले. सांगलीच्या एका मास्तरीणबाई मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेल्या त्या लोणच्याबरोबर चिपळी घेऊन. एक गृहस्थ दर शनिवारी कोल्हापूरहून येऊन दुकानाच्या फळीवर बसायचे आणि डोळे मिटून एकच वाटी प्यायचे. पत्नी गेल्यावरही आले. तेव्हा मात्र दोन वाट्या मागायचे.

पण कॉफी दुकानात कधीही मिळू लागल्यावर तिच्यासाठी कुणी आरतीपर्यंत बसेना. कुणाची चूक म्हणू? वेंकूकाका स्वतः हळहळायचे. "बुवा, मी तुमची माणसं पळवली काय हो?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं. अण्णा म्हणाले, "रामाची होती, रामाने नेली." पुढे चिपळी कोल्हापूरला गेली, पुण्याला गेली, हमरस्त्यांवर, विमानतळांवर गेली. प्रल्हादने ती वाढवली, आणि खरं सांगायचं तर त्याने जायफळ सोडलं नाही. पुण्यातलं हे सगळ्यात मोठं दुकान उघडताना त्याला वाटलं, कॉफी जिथून निघाली तेही लोकांना दाखवावं. "काका, आमच्या ग्राहकांना मूळ अनुभव मिळाला पाहिजे," असं तो घरी येऊन म्हणाला होता. अण्णांना तेवढं पुरलं.

*

राम मी कॉफीच्या यंत्राशेजारी मांडला, शेजारी तो बॅटरीचा दिवा. प्रल्हादने यंत्र बंद करायला लावलं होतं. मी पेटीवर बसले, गफूरभाई तबल्यावर. अण्णा चिपळ्या घेऊन उभे राहिले आणि नमनाला त्यांचा आवाज लागला.

काय सांगू? मला धास्ती होती ती आवाजाची. तो नुसता लागला नाही, त्या उंच काचेच्या खोलीत फिरून परत आला. समोर कॉलेजची मुलं होती, मांडीवर संगणक उघडलेली माणसं होती, बाबागाडी घेतलेलं एक जोडपं होतं. आधी कुजबुज होती. मग एका मुलीने कानांतली बोंडं काढली. मग संगणकांची झाकणं मिटू लागली. गफूरभाईंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

दुसरे बुवा आख्यान मध्यंतरानंतर लावतात. अण्णांची रीत वेगळी होती. ते आख्यान मध्यंतराच्या आधीच उभं करायचे आणि कथा ऐन बिकट जागी आणून थांबवायचे. मग बुक्का, हार, आणि मग पुढचा उत्तररंग. सिदोबाचं आख्यान त्यांनी स्वतः रचलेलं. सिदोबा म्हणजे नदीवरून देवाच्या स्नानाला पाणी आणणारा म्हातारा. रोज पहाटे कावड भरायची, खांद्यावर घ्यायची, चढ चढून देवळात यायचं. देवाची कावड वाटेत जमिनीला टेकवायची नाही, हा त्याचा नेम. एके दिवशी देवळाला नवे दरवाजे बसतात, मोठे, पितळी कड्यांचे. दारावर नवे पहारेकरी. ते सिदोबाला ओळखत नाहीत. आत उत्सव आहे, म्हणतात, थांब. सिदोबा थांबतो. ऊन चढतं. खांदा सुजतो. खाली ठेव की म्हाताऱ्या, लोक म्हणतात. तो म्हणतो, ठेवली तर पाणी नुसतं पाणी होईल.

अण्णांनी उजवा खांदा खाली केला, हात दांडीवर धरावा तसा खांद्याशी नेला. बाबागाडीतलं मूलसुद्धा गप्प होतं.

"सिदोबा आत ऐकतो," अण्णा अगदी हळू म्हणाले, "आत टाळ वाजतायत, आत देव आहे. आणि इथे बाहेर? कावड खांद्यावर. दार बंद."

ते थांबले. मी पेटीचा सूर धरून ठेवला. हेच मध्यंतर.

वेंकूकाकांची चाकांची खुर्ची पुढे आली. झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. पण मिरजेत हा हार कायम त्यांचाच असायचा आणि तो पडायची जागाही हीच, सिदोबा दाराशी उभा असताना. डाव्या हाताने त्यांनी हार उचलला, प्रल्हादने आधार दिला, अण्णा वाकले. तुळशीचा हार अण्णांच्या गळ्यात पडला. मी त्यांना बुक्का लावला. वेंकूकाका रडत होते, अण्णाही.

आणि टाळ्या वाजल्या.

आधी एका कोपऱ्यातून, मग सगळीकडून. मग लोक उभे राहिले. मनापासून उभे राहिले, हे मी शपथेवर सांगेन. काहींनी डोळे पुसले. कीर्तनात माणसं उभी राहतात ती आरतीला. इथे आरती नव्हती, उत्तररंग झाला नव्हता, आणि सगळं दुकान उभं होतं. ध्वनिक्षेपक घेतलेली एक मुलगी हसतमुखाने पुढे आली आणि म्हणाली की किती विलक्षण अनुभव होता, आता सत्कारानंतर जायफळ कॉफीचा आस्वाद घेऊया. गळ्यात हार पडला म्हणजे कार्यक्रम संपला. त्यांच्या जगात तसंच असतं. यंत्र फुसकन वाफ सोडून सुरू झालं, पितळेच्या रामाच्या अगदी कानाशी.

गफूरभाईंनी ठेका सोडला नाही. मीही सूर सोडला नाही. अण्णा तसेच उभे होते, खांदा झुकलेला, हात खांद्याशी. लोक ओळ करून कॉफी घेत होते. काही जण येऊन अण्णांच्या शेजारी उभं राहून फोटो काढून जात होते.

प्रल्हाद खुर्ची घेऊन आला. "काका, बसा. दमलात."

अण्णा बसले नाहीत. मी पेटी सोडून उठले आणि प्रल्हादला बाजूला घेतलं. म्हटलं, अरे, हे मध्यंतर आहे, अजून अर्धं कीर्तन व्हायचंय. त्याचा चेहरा पडला. त्याने ओळीकडे पाहिलं, दाराबाहेर थांबलेल्या लोकांकडे पाहिलं. "ताई, आता यांना कसं बसवू? मला वाटलं, हार म्हणजे..."

"मिरजेत एवढी वर्षं ऐकलंस ना रे तू?"

"ऐकलं कुठे?" तो म्हणाला. "हार घातला की बाबा कॉफीची चूल पेटवायला उठायचे. आरतीपर्यंत तयार लागायची ना. मला झोपलेला उचलून न्यायचे. आम्ही तेरदाळ हारापर्यंतच असायचो, ताई. पुढे काय होतं ते मला ठाऊकच नाही. बाबांनाही नाही."

मी वेंकूकाकांकडे वळले. खरंच, एवढ्या वर्षांत मला हे कधी दिसलं नव्हतं. सगळ्या मंदिराला कॉफी मिळावी म्हणून तो माणूस दरवर्षी सिदोबाला दारात उभा सोडून चुलीकडे गेला होता. आज पहिल्यांदा त्यांना उठायचं नव्हतं. आज ते पुढचं ऐकायला आले होते. डावा हात उचलून ते अण्णांकडे दाखवत होते, पुन्हा पुन्हा, घशातून आवाज काढत. दुकानातल्या एका मुलीने धावत येऊन त्या हातात कॉफीचा पेला दिला. "आजोबांना हवी होती," ती मला म्हणाली.

वेंकूकाकांच्या हातातून कॉफी मांडीवर सांडली. त्यांना आत नेलं.

"अण्णा," मी म्हटलं, "कुणी नसलं तरी मी आहे, गफूरभाई आहेत. म्हणा पुढचं. राम ऐकतोय."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. एकदा दुकानभर नजर फिरवली. बोलायला तोंड उघडलं, तर यंत्राने वाफ सोडली. ते थांबले. यंत्र थांबलं तेव्हा त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, आणि पुन्हा वाफ आली. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. गफूरभाईंचा ठेका आपोआप मंदावला आणि बंद झाला. गफूरभाई डग्ग्यावर कपाळ टेकून बसून राहिले.

*

गाडीत अण्णांनी हार काढू दिला नाही. पगडी मांडीवर घेतली होती. निरांजन पिशवीत तसंच, फुलवात तुपासकट.

घरी आल्यावर दोन दिवसांनी प्रल्हादचा फोन आला. बिचारा मनापासून खूश होता. ग्राहकांनी काय काय लिहिलंय ते त्याने मला वाचून दाखवलं. वातावरण फार छान. आजोबा गोड. कॉफीला तोड नाही. एका बाईंनी लिहिलं होतं की अंगावर काटा आला, कार्यक्रम मात्र थोडा लांबला. कुणीही, एकानेही, त्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं असं विचारलं नव्हतं. पुन्हा करू, म्हणाला प्रल्हाद, पुढच्या वेळी पूर्ण करू. अण्णांना मी यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

मी खूप समजूत घातली. शेजारपाजारच्यांना बोलावते, म्हटलं, ओवरीत सतरंजी घालते, कावड उतरवा एकदाची. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सिदोबा पुण्यात उभा आहे. इथून त्याला कुठला आणू?"

"पहिल्यापासून लावा."

"नदीपासून? पुन्हा?" त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. "चढ फार आहे गं, माणिक."

पावसाळ्याच्या अखेरीस वेंकूकाका गेले. अण्णांना कसं सांगावं कळेना. सांगितलं तेव्हा त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "त्यालाही पुढचं कळलं नाही." त्या दिवसापासून त्यांचा उजवा खांदा दुखायला लागला.

डॉक्टरांनी तपासला. चित्रं काढली. खांद्यात काही नव्हतं, जे होतं ते हृदयात होतं. पण अण्णा खांदाच धरून बसायचे. उशी नको म्हणायचे, आडवे व्हायला नको म्हणायचे. मी तेल चोळायचे, गफूरभाई येऊन शेकायचे. गफूरभाई एकदा म्हणाले, "बुवा, माझ्या खांद्यावर द्या की थोडं." अण्णा म्हणाले, "तुम्हाला ठेका धरायचाय."

मला ते आख्यान पाठ होतं. शेवट तर झोपेतही म्हणता येईल असा. आत उत्सव चालू असताना देवाला तहान लागते. समोर पक्वान्नं, पण पाणी नाही. देव सिंहासनावरून उठतो, गर्दीतून वाट काढत दारापर्यंत येतो, स्वतःच्या हाताने अडसर काढतो. सिदोबाला काही म्हणत नाही. त्याच्या खांद्याखाली आपला खांदा घालतो, आणि एवढंच म्हणतो, आण, आता माझ्याकडे. इथे अण्णा खांदा सरळ करायचे आणि अख्खं मंदिर सुटल्यासारखा श्वास टाकायचं. मग निरांजन, मग आरती, मग कॉफीचा दरवळ.

एका दुपारी मी त्यांच्या पलंगाशी पेटी आणली आणि ते सगळं म्हटलं. माझ्या आवाजात, जमेल तसं, दार उघडेपर्यंत, कावड उतरेपर्यंत. रामाला हात जोडून म्हटलं. मला वाटलं होतं, देव एवढं तरी करेल. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. शेवटी म्हणाले, "गोड म्हटलंस. माझ्या बाबांची आठवण झाली." आणि डावा हात पुन्हा उजव्या खांद्यावर ठेवला.

शेवटच्या दिवशी ते बसूनच होते, माझ्या अंगाला टेकून. श्वास वरच्यावर लागत होता. माझा हात त्यांच्या खांद्याखाली होता. मला वाटलं झोप लागली, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "माणिक, दार उघडलं का गं?"

"उघडलं, अण्णा."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जन्मभर माणसांसमोर उभं राहिलेला बुवा, ऐकणाऱ्याचा चेहरा त्याला वाचता येणारच.

"मग आरती का नाही झाली?"